स्वस्त आणि स्वस्थ

छंद स्वस्त असावा असं घरातल्यांचं मत असतं आणि महाग असावा असं दुकानदारांचं. खुद्द छंदिष्टाला या बाबतीत मत नसतं. त्याच्याकडे फक्त यादी असते. तिकिटं जमवणाऱ्याच्या खिशात न मिळालेल्या तिकिटांची यादी असते, बागवेड्याच्या खिशात न जगलेल्या गुलाबांची असते आणि माझ्या खिशात गेली काही वर्षं तारांची यादी आहे. लाल दहा मीटर, काळी दहा मीटर, निळी पाच, हिरवी पाच आणि इनॅमलची, केसासारखी, मिळेल तेवढी. किराणामालाच्या यादीला टाचलेली ही यादी पाहून आमच्या वाण्याने "काय, घरात कार्य आहे वाटतं? रोषणाई जोरात दिसतेय!" असं कौतुकाने विचारलं होतं.

कार्य वगैरे काही नाही. मी घरी आगगाडी चालवतो. 'खेळण्यातली आगगाडी' म्हटलेलं मला चालत नाही. तिला मॉडेल रेल्वे म्हणायचं. दोन्हींत फरक आहे. खेळणं मोडलं की मूल रडतं. मॉडेल मोडलं की निवृत्त माणूस रडतो, आणि त्याला कोणी गोळी-बिस्कीट देत नाही. कोथरुडात १९९८ साली छोट्या रेल्वेचं संग्रहालय सुरू झालं तेव्हापासून पुण्यात या वेडाला थोडी प्रतिष्ठा आली आहे. त्याआधी आमची गणना पतंगबाज आणि कबुतरवाले यांच्या मधे कुठेतरी होत असे.

माझी गाडी खऱ्या गाडीच्या ८७ पट लहान आहे. तिच्या दोन रुळांत १६.५ मिलिमीटर अंतर असतं. आपल्या ब्रॉडगेजचं खरं अंतर १६७६ मिलिमीटर. त्याला ८७ने भागलं तर उत्तर १९च्या वर जातं. म्हणजे १६.५ हे माप आपलं नव्हेच, ते परदेशी रुळांचं. तेव्हा माझी डेक्कन क्वीन बारा महिने परदेशी चपला घालून खंडाळ्याचा घाट चढते, आणि त्याही एक नंबर लहान. पण ती कुरकुरत नाही. कुरकुर घरातून होते, आणि तीही इंजिनावरून नव्हे, तारेवरून होते. इथेच या लेखातला नैतिक प्रश्न सुरू होतो.

'परवडणं' हे मराठीतलं एक गूढ क्रियापद आहे. वरवर पाहता ते गणितातलं वाटतं, पण गणिताशी त्याचा काही संबंध नाही. माझंच बघा. परदेशी बनावटीचं इंजिन मला परवडतं. त्यासाठी मी सहा-सहा महिने पैसे बाजूला टाकतो, आणि ते आलं की खोक्यावरचा कागदसुद्धा जपून ठेवतो. पण त्या इंजिनाला वीज नेणारी तार मीटरला पाच रुपये म्हटली की माझ्या तोंडून आपोआप निघतं, "छे, परवडत नाही!" हौसेला मोल नाही अशी आपल्यात म्हण आहे. ती इंजिनाला लागू. तारेला नाही. इंजिन ही हौस, तार हा खर्च. इंजिन पाहुण्यांना दिसतं. तार फळीखाली असते. जी वस्तू दिसते तिच्यासाठी माणूस कर्ज काढतो आणि जी दिसत नाही तिच्यासाठी भाव करतो. लग्नात शालूवर हजारो उडवणारा बाप आचाऱ्याच्या हाताखालच्या पोराच्या मजुरीतले पन्नास रुपये कापतो, तो याच नियमाने.

बरं, तार थोडकी लागत असती तर गोष्ट वेगळी. बाहेरच्या माणसाला वाटतं, रुळाला दोन तारा जोडल्या की झालं. तसं नसतं. रूळ एकमेकांना जिथे जोडतात तिथला सांधा काही महिन्यांत सैल पडतो आणि पुढच्या रुळापर्यंत वीज पोचेनाशी होते. म्हणून जवळजवळ प्रत्येक रुळाला खालून स्वतंत्र तारांची जोडी द्यावी लागते. या बारीक जोड्या फळीखालच्या दोन जाड तारांना नेऊन मिळवायच्या. त्या जाड तारांना इंग्रजीत 'बस' म्हणतात. रेल्वेच्या पोटात बस! एस. टी. महामंडळाला हे कळलं तर ते केवढं खूश होईल. शिवाय सिग्नलचे दिवे, स्टेशनातले दिवे, सांधे बदलणाऱ्या छोट्या मोटारी. सिग्नलचा खांब काडेपेटीतल्या काडीएवढा, त्यातून तार वर न्यायची तर ती केसाएवढीच हवी. अशा तारेचे नंबर असतात, आणि नंबर जितका वरचा तितकी तार बारीक. ३० नंबरची सुमारे ०.३ मिलिमीटर, ४० नंबरची ०.१२. सरकारी कचेरीत याच्या बरोबर उलट; तिथे वरच्या नंबरचा माणूस जाड असतो.

"मग सगळीकडेच केसासारखी तार वापरा की, तांबं कमी लागेल, स्वस्त पडेल," असं आमच्या हिने एकदा सुचवलं. सूचना शहाणपणाची होती, पण विजेला शहाणपण कळत नाही. ०.२ मिलिमीटर व्यासाच्या तांब्याच्या तारेने पाच मीटर जायचं आणि पाच मीटर परतायचं, आणि गाडी अर्धा अँपिअर वीज ओढत असेल, तर १२ व्होल्टांतले जवळजवळ पावणेतीन व्होल्ट वाटेतच संपतात. गाडी निघते दिमाखात, पण घाटात पोचेपर्यंत तिची अवस्था मंजूर झालेल्या अनुदानासारखी होते. तीच तार ०.५ मिलिमीटरची घेतली तर वाटेत अर्ध्या व्होल्टापेक्षा कमी जातो. व्यास अडीचपट केला की गळती सव्वासहापटीने घटते. तेव्हा लांबच्या पल्ल्याला अर्धा मिलिमीटर हवीच. तीही शंभर मीटर आणि आठ रंगांत. रंग एकच असला तर बिघाड शोधताना फळीखाली उताणं पडून माणूस अध्यात्माकडे वळतो.

पुण्यात अशी वस्तू शोधायला माणूस बुधवारात तपकीर गल्लीत जातो. मीही गेलो.

"अर्धा मिलिमीटरची तार आहे?"

"आहे ना. किती?"

"दहा-बारा मीटर. आठ रंगांत."

दुकानदाराने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी अख्ख्या जिलबीच्या दुकानात एक आळा मागितला.

"काका, बंडल नव्वद मीटरचं येतं. एका रंगाचं एक."

आठ रंगांची आठ बंडलं म्हणजे ७२० मीटर. माझ्या प्रमाणात त्याचे खरे साडेबासष्ट किलोमीटर झाले. एवढ्या तारेत मी पुण्याहून निघून लोणावळ्याच्या तोंडाशी पोचलो असतो. सुटी मागितली तर सुटीचा भाव वेगळा. स्वस्तातली म्हणून दुसऱ्या दुकानात एक तार दाखवली. तिच्या टोकावर ब्लेड फिरवलं तर तांब्याच्या आत पांढरंशुभ्र अ‍ॅल्युमिनियम! वर तांब्याचा मुलामा, आत भलताच धातू. अशा तारेतून विजेला जास्त अडथळा होतो, आणि दोनदा वाकवली की ती तुटते. दुकानदार म्हणाला, "दिसायला तर तांबंच आहे ना?" याला उत्तर नव्हतं. दिसण्यावर जगाचा बराच व्यवहार चालतो.

यानंतर माझी नजर घरात फिरू लागली. ज्या वस्तूला शेपटी आहे ती प्रत्येक वस्तू मला तारेचं कोठार वाटू लागली. हिने ताबडतोब घरातल्या वस्तूंची दोन भागांत वाटणी केली: 'हात लावायचा नाही' आणि 'विचारल्याशिवाय हात लावायचा नाही'. तेव्हा मी घराबाहेर पडलो, आणि वळणावरच्या भंगारवाल्याकडे स्थिरावलो.

भंगाराचं दुकान म्हणजे संसाराचा उपसंहार. तिथे गेल्यावर कळलं की मी ज्या तारेसाठी बाजार पालथा घातला ती तार पुण्यात मणावारी पडलेली आहे. कचेऱ्यांतल्या भिंतींतून निघालेली कॉम्प्युटरची जुनी केबल: आत आठ तारा, चार जोड्या, निळी, केशरी, हिरवी, तपकिरी, आणि प्रत्येकीबरोबर पांढऱ्या पट्ट्याची तिची करवली. प्रत्येक जोडीचा पीळ वेगळा, कारण सारखा पीळ असला तर एकीतलं बोलणं दुसरीत ऐकू जातं. (चाळीत बांधकाम करणाऱ्यांना हे तत्त्व माहीत नव्हतं.) शिवाय टेलिफोनच्या जुन्या केबली, दहा-दहा जोड्यांच्या, अर्ध्या मिलिमीटरच्या, अस्सल तांब्याच्या. घराघरांतले फोन गेले, त्यांच्या तारा राहिल्या.

"किती द्यायचे?" मी पाचेक मीटरचं भेंडोळं उचलून विचारलं.

"एवढ्याचं काय घ्यायचं काका? न्या तशीच."

फुकट! वाचकहो, फुकट हा शब्द ऐकल्यावर मध्यमवर्गीय माणसाच्या अंगात जे स्फुरण चढतं ते रणवाद्यांनीही चढत नाही. पण त्याच क्षणी त्याच्या अंगात एक शंकाही चढते. आमच्या पिढीला पतंजलीचं 'अस्तेय' शाळेत पाठ नव्हतं, पण "कुणाची आहे ती वस्तू? विचारलंस का?" हा आईचा प्रश्न पाठ होता. ही तार कुठून आली असेल? १९६६ सालचा एक कायदाच आहे: रेल्वेची म्हणून संशय यावा अशी वस्तू तुमच्याजवळ सापडली तर ती कायदेशीर मार्गाने आली हे तुम्ही दाखवायचं. खऱ्या रेल्वेची तार खोट्या रेल्वेला लावल्याबद्दल खऱ्या पोलिसांनी खऱ्या कोठडीत टाकणं, हा शेवट माझ्या छंदाला कलात्मक वाटला तरी सोयीचा वाटला नाही. मी विचारलं. उत्तर मिळालं की एका कचेरीचं नूतनीकरण झालं, तेव्हा ठेकेदाराने विकली. पावतीही होती. ठेकेदाराने ती टाकली, याने ती घेतली, मी ती उचलतोय. यात अधर्म कुठे आला?

उलट शास्त्राधार होता. शेतात कापणीनंतर पडलेले दाणे वेचून त्यावर जगणं, याला आपल्या पूर्वजांनी 'उंछवृत्ती' असं भारदस्त नाव देऊन तिला श्रेष्ठ ठरवलं आहे. महाभारतात अशाच एका दाणे वेचणाऱ्या ब्राह्मणाच्या पसाभर पिठापुढे धर्मराजाचा अश्वमेध फिका पडल्याची कथा आहे; ज्याचं अर्धं अंग तिथे सोन्याचं झालं तो मुंगूस उरलेलं अर्धं घेऊन फिरत राहिला. अणूंचा सिद्धान्त सांगणारे कणाद ऋषी, तेही शेतातले कण वेचून खात म्हणून कणाद, असं सांगतात. मी तारा वेचतो, म्हणजे मी त्याच परंपरेतला. फक्त माझं कुठलंच अंग अजून तांब्याचंसुद्धा झालेलं नाही.

या उदात्त विचारात मी भेंडोळं पिशवीत भरणार, एवढ्यात तिथे पाठीवर पोतं घेतलेल्या एक मावशी आल्या. त्यांनी पोतं ओतलं. काळपट-तांबूस तारांचा एक गुंता बाहेर पडला आणि बरोबर एक वास. जळक्या प्लास्टिकचा वास ज्याने एकदा घेतला त्याला तो दुसऱ्यांदा ओळखावा लागत नाही. घशात येऊन बसतो.

"या तारा जाळल्यात का हो, मावशी?"

"मग काय करायचं दादा? सोलत बसलं तर दिस जातो. जाळलं की पंधरा मिनिटांत तांबं मोकळं. मोकळ्या तांब्याला भाव हाय. झाकलेल्याला नाही." एवढं सांगताना त्यांना दोनदा खोकला आला. नातू नाल्याकाठी जाळ बघतो, असं त्यांनी पुढे सहज सांगितलं. जसं एखादीने नातू क्लासला जातो असं सांगावं.

त्या वाक्यात अर्थशास्त्राचं सगळं पुस्तक होतं. तारेवरचं आवरण पीव्हीसीचं असतं. ते उघड्यावर जाळलं की हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू निघतो, डायॉक्सिनसारखी विषं निघतात. ई-कचऱ्यासाठी सरकारने २०११ साली नियम केले, २०२२ साली नवे केले, ते १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. सगळं ठीक आहे. पण नियम कागदावर असतो आणि भाव काट्यावर. काटा म्हणतो: जाळ, जास्त देतो. पुण्यात कचरा वेचणाऱ्यांनी १९९३ साली 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' काढली, २००८पासून त्यांच्या 'स्वच्छ' संस्थेने महापालिकेबरोबर काम सुरू केलं, पुष्कळांच्या गळ्यात ओळखपत्रं आली. या मावशींच्या गळ्यात मात्र ओळखपत्र नव्हतं, खोकला होता.

आणि गंमत अशी, गंमत म्हणवत नाही पण तशी ती आहे, की मला नेमकी झाकलेलीच तार हवी. आवरण असलेली, रंग असलेली. उघडी तार फळीखाली लावली तर पहिल्याच दिवशी एकीला दुसरी चिकटून आतषबाजी होईल. जे प्लास्टिक जाळायला तो पोरगा धुरात उभा राहतो, त्याच प्लास्टिकसाठी मी तपकीर गल्लीत जास्तीचे पैसे मोजायला तयार नव्हतो. एकाचा कचरा तो दुसऱ्याचा माल हे आपण ऐकलेलं असतं. इथे एकाचा कचरा, दुसऱ्याचा माल आणि तिसऱ्याचा दमा अशी तिहेरी व्यवस्था होती.

'स्वस्त' आणि 'स्वस्थ' या दोन शब्दांत फरक फक्त एका श्वासाचा आहे. 'त'वर श्वास सोडला की 'थ' होतो. तार स्वस्त मिळत होती, पण मला स्वस्थ वाटेना. कुणाचा तरी श्वास वाटेत राहिला होता.

आता हिशेब आला. पाच मीटर केबल, आत वीस तारा, म्हणजे शंभर मीटर तार. अर्धा मिलिमीटर व्यास धरला तर तांबं पावणेदोनशे ग्रॅम. मोकळं करून विकलं तर त्या दिवशीच्या भावाने सव्वाशेच्या आसपास. झाकलेलं तसंच विकलं तर सत्तर-ऐंशी. हीच तार दुकानातून सुटी घेतली तर पाचशे. एक वस्तू, तीन किमती, आणि भंगारवाल्याची 'न्या तशीच' ही चौथी. यातली खरी कोणती?

हा प्रश्न मलाच पहिल्यांदा पडला असं नव्हे. कौटिल्याने अर्थशास्त्रात व्यापाऱ्याला देशी मालावर शेकडा ५ आणि परदेशी मालावर शेकडा १० नफा ठरवून दिला आहे. तेराव्या शतकात युरोपात थॉमस अ‍ॅक्वायनसने वस्तू तिच्या मोलापेक्षा जास्तीला विकणं पाप आहे का, यावर पानंच्या पानं लिहिली. थोर माणसं. पण दोघांचाही डोळा विकणाऱ्यावर. विकणाऱ्याने किती घ्यावं हे दोघांनी सांगितलं; घेणाऱ्याने किती कमी द्यावं याला खालून हद्द कुठे, हे मला त्यांच्याकडून कळलं नाही. आपल्याकडे तर कमी देणं हे कर्तृत्व समजतात. "शंभर सांगत होता, चाळीसला आणलं!" हे वाक्य उच्चारताना माणसाची छाती जशी फुगते, तशी "शंभर सांगितले, शंभर दिले" म्हणताना कधी फुगलेली तुम्ही पाहिली आहे?

मी मावशींना म्हटलं, अशी केबल हाती लागली तर जाळू नका, मला द्या. पाच मीटरला अडीचशे देईन. हा आकडा मी कसा काढला? दुकानातल्या किमतीचे दोन भाग केले. वरची साल सोलून तारा सुट्या करण्याची मेहनत मी करणार, तो एक भाग माझा. न जाळण्याचा दुसरा भाग त्यांचा. तत्त्वज्ञान म्हणून हे कितपत टिकेल मला सांगता येत नाही, पण त्रैराशिक म्हणून बरं होतं.

मावशींचे डोळे पाणावले, असं लिहिलं तर वाचकांना बरं वाटेल. तसं काही झालं नाही. मावशींनी माझ्याकडे संशयाने पाहिलं आणि विचारलं, "ह्यात सोनं-बिनं असतं काय, दादा?" जास्त पैसे देणाऱ्याकडे त्यांनी आयुष्यात फारसं पाहिलेलं नसावं. दुसऱ्या खेपेस त्यांनी तीनशे मागितले. मलाही त्यामुळे जरा हायसं वाटलं. उपकार संपला, व्यवहार सुरू झाला.

घरी हिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "छान. आता उद्यापासून भाजी तुम्हीच आणत जा. जाताना कौटिल्याला बरोबर न्या."

हा टोला वर्मी होता. आमचे एक स्नेही, निवृत्त बँक मॅनेजर, त्यांनी तर माझं बौद्धिकच घेतलं. त्यांचं पहिलं म्हणणं: तुमच्या शंभर मीटर तारेने पुण्यातला धूर किती कमी होणार? बरोबर आहे. होणार नाही. पण मी रोज आंघोळ करतो तेव्हा पुण्यातली एकंदर अस्वच्छता किती कमी होते, हा हिशेब मी करत नाही. दुसरं म्हणणं: तुम्ही बाजारभाव बिघडवताय. यावर माझं म्हणणं असं की, ज्या भावात पोराचं फुप्फुस फुकट धरलंय तो आधीच बिघडलेला आहे. तिसरं म्हणणं मात्र मला निरुत्तर करून गेलं. ते म्हणाले, "आणि नवी तार घेतली तर तुमचे हात स्वच्छ? ते तांबं काय आकाशातून पडतं?" नाही पडत. ते मध्य प्रदेशात मलाजखंडच्या, राजस्थानात खेतडीच्या किंवा दूर चिलीच्या खाणीतून डोंगर फोडून काढतात. तिथला धूर मला दिसत नाही, एवढंच. नव्या तारेलाही इतिहास असतो. फक्त तो वेष्टनात येतो.

माझ्या फळीवरचा घाटसुद्धा काही वेगळा नाही. बोरघाटाची रेल्वे १८६३ साली सुरू झाली. ती आखणाऱ्या जेम्स बर्कलीचं नाव पुस्तकात आहे. नवरा वारल्यावर ठेका पुरा करवून घेणाऱ्या अ‍ॅलिस ट्रेडवेल बाईंचंही आहे, आणि ते असायलाच हवं. पण त्या बोगद्यांत रोगराईने आणि अपघातांनी जे हजारो मजूर खपले त्यांची नावं नाहीत. मी घाटात प्लास्टरचे डोंगर केले, करवंदीची झुडपं केली, बोगद्याच्या तोंडाशी झेंडा घेतलेला माणूसही उभा केला. मजुरांना जागा राहिली नाही. मॉडेलाचं प्रमाण १ला ८७ असलं तरी काही गोष्टी १ला शून्य या प्रमाणात लहान होतात.

मग करायचं काय? प्रत्येक वस्तूच्या मागे उगमापर्यंत चालत गेलं तर माणूस साधी सुई विकत घेऊ शकणार नाही. विकत घ्यायला निघेल आणि संन्यासी होऊन परतेल. संन्यास हा माझ्या मते स्वस्त मार्ग आहे, आणि घरच्यांना महाग पडणारा. मला एवढंच सुचतं की जिथला धूर आपल्या नाकापर्यंत पोचला, निदान तिथली किंमत आपण दुसऱ्याच्या खात्यावर लिहू नये. जो धूर दिसत नाही त्याबद्दल थोडं अस्वस्थ असावं, जो दिसला त्याबद्दल थोडे पैसे जास्त द्यावेत. काटकसर आपली आपण करावी; दुसऱ्याच्या अंगावर केलेली काटकसर, तिला दुसरं नाव आहे.

रोमचा सम्राट व्हेस्पेशियन याने मुताऱ्यांतल्या मुतावर कर बसवला, तेव्हा त्याच्या मुलाने, टायटसने, नाक मुरडलं. बापाने त्या करातलं नाणं मुलाच्या नाकाशी धरलं आणि "येतो का वास?" असं विचारलं, अशी गोष्ट सांगतात. पैशाला वास नसतो हे तेव्हापासून जगाने मान्य केलं आहे. पैशाचं मला ठाऊक नाही. पण तारेला असतो. तुम्हीही कधी बारीक तार घ्यायला गेलात तर रंग बघा, जाडी बघा, ब्लेडने खरवडून आत तांबं आहे की मुलामा ते बघा. आणि भाव फारच खाली आला, तर पैसे काढण्याआधी ती एकदा नाकाला लावून बघा.